श्वास धरला की हिंगाचा वास जातो कुठे?

जाईजुई

रविवारी मसाल्याचा डबा घासायला काढला होता. भाची चिमी शेजारी बसून एकेक वाटी हुंगत होती. चौथीत आहे, प्रश्नांना खळ नसतो. हिंगाची डबी उघडून तिच्या नाकाखाली धरली, तिने एक लांब श्वास आत घेतला आणि तसाच धरून ठेवला. दोन-तीन सेकंदांत डोळे मोठे करून हातानेच मला काहीतरी सांगायला लागली. श्वास सोडल्यावर म्हणाली, "आत्या, वास गेला! डबी इथेच होती तरी गेला!"

मी म्हटलं, श्वास धरला की वास येत नाही, एवढंच. तर म्हणे, "पण मी नाक कुठे दाबलं होतं? हिंगाची हवा माझ्या नाकात भरलेलीच होती ना? मग वास गेला कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही. मग दोघींनी ओवा, कॉफी, कापूर, सगळ्यांवर करून पाहिलं. दर वेळी तेच. श्वास आत येताना वास ठसठशीत, श्वास थांबला की विरून जातो, पुन्हा आत ओढला की हजर.

डोळे उघडे असले की दिसतं. कान तर झोपेतही उघडेच. मग नाकाचंच असं का? वास ओळखणारा मेंदू श्वासाला बांधलेला आहे का? हे फक्त माणसाचं, की गाय, कुत्रं, उंदीर सगळ्यांचंच? मराठीत आपण "वास येतो" म्हणतो आणि "वास घेतो" असंही म्हणतो. यातलं खरं कुठलं? चिमीला शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं कबूल केलंय. मदत करा.

कल्याण_लोकल

सातसतराच्या गाडीत दारापाशी उभा राहून वीस वर्षं हाच उपाय करतोय. कारण आज कळेल असं दिसतंय. बसलो.

अभियंता_अण्णा

उत्तर सोपं आहे. वास ओळखणाऱ्या पेशी नाकपुडीत नसतात, पार वर, दोन डोळ्यांच्या मधल्या उंचीवर नाकाच्या छताला असतात. जागा दोन्ही बाजूंना मिळून टपालाच्या दोन-तीन तिकिटांएवढी. साधा श्वास घेतो तेव्हा बरीचशी हवा खालच्या रुंद वाटेने घशाकडे निघून जाते. छतापर्यंत जेमतेम दहावा हिस्सा पोहोचतो. हुंगलं की झोत जोरात येतो आणि जास्त हवा वर चढते. श्वास धरला म्हणजे झोत बंद. वर जे रेणू होते ते शेंबड्या थरात विरघळून गेले, नवे आले नाहीत, वास संपला.

हा हवेच्या वहनाचा प्रश्न आहे. मेंदूला मध्ये आणायची गरज नाही. चिमीला सांगा, पंखा बंद केला की वारा थांबतो.

मूषकवाहन

अण्णा, पाया तुम्ही चोख सांगितलात, पण मेंदूला सोडून भागणार नाही. मी काही वर्षं उंदरांच्या वास ओळखण्यावर काम केलं आहे, म्हणून थोडं लांब लिहिते.

चिमीचा प्रश्न जुना आहे. १८४७ साली एर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने आडवं पडून स्वतःच्या नाकात कलोनचं सुगंधी पाणी भरून पाहिलं. नाक अत्तराने भरलेलं, आणि वास नाही. म्हणजे वासाचा पदार्थ नाकात असणं पुरेसं नाही हे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच दिसलं होतं.

आता यंत्र बघा. १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी वासाचे ग्राहक बनवणारी जनुकं शोधली, त्याबद्दल २००४ चं नोबेल त्यांना मिळालं. उंदरात अशी हजाराच्या आसपास जनुकं चालू असतात, माणसात चारशेच्या आसपास. नाकाच्या छतावरच्या एका पेशीत यातला साधारण एकच ग्राहक असतो. तिची तार कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर जाते आणि मेंदूच्या पुढच्या टोकाला असलेल्या वासाच्या कंदात शिरते. एकाच ग्राहकाच्या सगळ्या तारा तिथे ठरावीक एक-दोन गुच्छांत येतात. दृष्टी, श्रवण यांचे निरोप आधी थॅलॅमस नावाच्या टपाल कचेरीतून जातात. वासाचा निरोप मात्र कंदातून थेट वासाच्या प्रांतात आणि भावनांच्या केंद्राशी पोहोचतो.

श्वास इथे दोन ठिकाणी घुसतो. एक म्हणजे २००७ मध्ये दिसलं की नाकातल्या या पेशींपैकी बऱ्याच पेशी वासालाच नव्हे, हवेच्या दाबालाही प्रतिसाद देतात. अजिबात वास नसलेली हवा आत गेली तरी "श्वास आला" हा निरोप वर जातो. दुसरं म्हणजे कंदाचं काम श्वासाच्या तालावर चालतं. एडगर एड्रियन यांनी १९४२ मध्ये हेजहॉग नावाच्या छोट्या काटेरी प्राण्याच्या मेंदूत तारा लावून हे टिपलं. प्रत्येक श्वासागणिक विजेची एक लाट उठते आणि ओसरते.

उंदरात तर कुठला वास आहे हे कोणत्या पेशी पेटल्या एवढ्यावरच ठरत नाही, श्वास सुरू झाल्यानंतर किती मिलिसेकंदांनी पेटल्या यावरही ठरतं. नाकातल्या पेशी प्रकाशाने चेतवता येतील असे उंदीर तयार करून २०११ मध्ये हे तपासलं गेलं. वास नाही, फक्त प्रकाशाचा ठिपका, तोही श्वासाच्या वेगवेगळ्या क्षणी. दहा मिलिसेकंदांचा फरकसुद्धा उंदरांना कळत होता. श्वास हे मेंदूचं घड्याळ आहे. घड्याळ थांबलं तर वासाची वेळ कशाशी ताडायची?

मला स्वतःला सगळ्यात जास्त जे भिडलं ते सांगते. उंदराला शिकवलेलं असतं, हा वास आला की नळी चाट, पाणी मिळेल. त्याचा श्वास पडद्यावर रेघेत दिसत असतो. शांत असताना सेकंदाला दोन-तीन श्वास. आणि मी वास सोडायच्या आधीच, नुसती झडप उघडण्याची वेळ आली की रेघ एकदम दाट होते, सेकंदाला आठ-दहा. वास यायचा आहे आणि उंदीर तो घ्यायला पुढे झाला आहे. मी पहिल्यांदा ते पाहिलं त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत घरी गेले नाही.

कल्याण_लोकल

मूषकवाहन हे नाव आता कळलं!

सुगरण_७२

छान माहिती, ताई. पण एक शंका. वास जर श्वास आत घेतानाच कळतो, तर आमटीचा घास तोंडात असताना कळणारा वास कुठून येतो? तेव्हा तर कुणी हुंगत नाही.

मूषकवाहन

अगदी मोक्याची शंका. नाकाला दोन दारं आहेत, एक पुढचं आणि एक घशामागचं. घास चावून गिळला की उच्छ्वासाबरोबर त्याचा वास मागच्या दाराने वर चढतो. आपण ज्याला "चव" म्हणतो त्यातला मोठा वाटा हाच. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असे मोजकेच प्रकार कळतात. करून बघा: नाक चिमटीत धरून वेलचीचं श्रीखंड खा. गोड लागेल, आंबट लागेल, वेलची लागणार नाही. मग नाक सोडून हळूच श्वास बाहेर टाका, वेलची तिथे उमलेल. म्हणजे श्वास इथेही आहेच, फक्त उलट्या दिशेने.

सुगरण_७२

केलं. तीनदा केलं. श्रीखंड संपलं. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

मीनाक्षी_कोळीवाडा

आमच्या घरी तीन पिढ्या मासळीचा धंदा. लोक विचारतात, दिवसभर पाटीपाशी बसून वास नाही का येत? नाही येत. पण पाटीत एक पापलेट उतरायला लागलं असेल तर लगेच कळतं, बाकी सगळा बाजार नाकाला असून नसल्यासारखा. आई कल्ला उचलून दोनदा झटकन हुंगते, लांब श्वास कधी घेत नाही. लहानपणी मला वाटायचं घाईत आहे म्हणून. याचा श्वासाशी संबंध असेल का?

मूषकवाहन

मीनाक्षीताई, तुमच्या आईची पद्धत अगदी बरोबर आहे. उंदरांवरच्या २००७ च्या एका प्रयोगात असं दिसलं की भरभर हुंगायला लागलं की आधीपासून हवेत असलेल्या वासाचा निरोप कंदाकडे जाताना दबला जातो, आणि नंतर आलेला नवा वास त्यावर उठून दिसतो. म्हणजे हुंगण्याची लय बदलून प्राणी ठरवतो की पाठीमागचा गोंगाट किती ऐकायचा. माणसात असंच्या असं घडतं असं मी म्हणणार नाही, आपण उंदराइतकं भरभर हुंगत नाही. पण उंदीर एका हुंगण्यात दोन वास वेगळे ओळखतो, पाव सेकंदाच्या आत. कल्ल्यापाशी दोन छोटे झटके पुरतात ते उगाच नाही.

श्वानसोबती

पोलीस श्वानपथकात सतरा वर्षं कुत्रं हाताळलं, आता निवृत्त. पुस्तकी माहिती कमी, पण श्वास आणि वास याविषयी रोजचं पोट त्यावर होतं म्हणून लिहितो.

आम्हाला प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, धापा टाकणारं कुत्रं वास घेत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंग गार करायचं तर जीभ काढून धापाच टाकाव्या लागतात. आणि धाप व हुंगणं एका वेळी होत नाही. मे महिन्यात विदर्भात बंदोबस्त असायचा. मोठ्या सभेआधी मैदान तपासायचं, दुपारी दोनची वेळ, वरून साहेबांची घाई. माझी लॅब्राडोर शेरी दहा मिनिटांत धापायला लागायची. मी तिला सावलीत घेऊन पाणी पाजून तोंड मिटेपर्यंत बसायचो. लोकांना वाटायचं आम्ही आराम करतोय. तिचं तोंड मिटून नाक चालू झाल्याशिवाय "मैदान साफ" असं मी लिहून दिलं नाही, एकदाही नाही. पुढे एका व्याख्यानात ऐकलं की इस्रायलमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये हेच मोजून दाखवलं, कुत्रं दमून धापायला लागलं की स्फोटकं सापडण्याचं प्रमाण उतरतं.

दुसरी गोष्ट, कुत्र्याचं नाक समोरून नीट बघा. नाकपुडीला बाजूला एक चीर असते. श्वास आत समोरून जातो, बाहेर मात्र त्या चिरांतून मागे आणि बाजूला फेकला जातो. त्यामुळे सोडलेला श्वास समोरच्या वासावर पडून तो विस्कटत नाही. धुळीच्या जमिनीवर शेरी हुंगायची तेव्हा नाकाच्या दोन्ही बाजूंना धूळ उडालेली दिसायची. सेकंदाला पाचएक वेळा हे चालतं, नुसता फुरफुर आवाज येतो.

तो आवाज थांबला की मला कळायचं. माग लागला असेल तर फुरफुर एकदम बदलायची, डोकं नंतर वळायचं. मी तिच्या डोळ्यांकडे कधीच पाहत नव्हतो, श्वासाकडे कान लावून चालायचो. ती जाऊन सहा वर्षं झाली. अजून रात्री जाग आली तर तो आवाज आठवतो.

जाईजुई

श्वानसोबती काका, तुमचा प्रतिसाद चिमीला वाचून दाखवला. शेरीचा फोटो आहे का, असं विचारते आहे.

श्वानसोबती

आहे, पाठवतो बाळा.

शेतीभाती

म्हशीच्या गोठ्यातली एक गोष्ट. म्हैस माजावर आली का हे बघायला रेडा तिचं मूत हुंगतो आणि मग मान वर करून वरचा ओठ वळवतो, हिरडी दिसते. शहरातली पाहुणी पोरं म्हणतात रेडा हसतोय. बोकडही करतो, घोडाही करतो. बराच वेळ तसाच स्तब्ध उभा राहतो, श्वास घेतोय असं वाटतच नाही. मग हा वास श्वासाशिवायचा म्हणायचा का?

मूषकवाहन

दादा, तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. त्या वेळी एक वेगळाच अवयव कामाला लागतो, नाक आणि टाळूच्या मधला, जेकबसनचा अवयव म्हणतात त्याला. तो मुख्य श्वासाच्या वाटेवर नाही, बाजूला बंद नळीसारखा आहे. तिथे हवा नाही, द्रव खेचून घ्यावा लागतो, आणि ओठ वळवणं त्यासाठीच. त्याच्या तारा कंदातही वेगळ्या भागात जातात. म्हणजे श्वासाने येणारा वास आणि मुद्दाम आत ओढून तपासलेला वास, अशा दोन वेगळ्या वाटा एकाच डोक्यात. पण गंमत बघा, दुसरी वाटही आपोआप चालत नाही. रेड्याला काहीतरी करावंच लागतं.

योगमार्गी

हे सगळं आपल्याकडे स्वरशास्त्रात आधीच आहे. इडा आणि पिंगला. डावी नाकपुडी चालू असताना चंद्रस्वर, उजवी असताना सूर्यस्वर. मेंदू श्वासावर चालतो हे आपल्याला कधीपासूनच माहीत होतं.

अभियंता_अण्णा

योगमार्गी, मी रोज प्राणायाम करतो, त्याचा आदर आहेच. पण चंद्रस्वरात वास कसा ओळखला जातो याचं मोजमाप त्या ग्रंथांत नाही. जे निरीक्षण आहे त्याला निरीक्षण म्हणू. त्यापुढचं यंत्र नंतर उलगडलं, त्या श्रेयाची सरमिसळ नको.

मूषकवाहन

दोघांचंही पटतं. एक नाकपुडी मोकळी आणि दुसरी थोडी भरलेली, काही तासांनी उलट, हे निरीक्षण योगपरंपरेत फार आधीपासून आहे. युरोपात रिचर्ड कायझर यांनी ते १८९५ मध्ये नोंदवलं. आणि १९९९ मध्ये त्याचा वासाशी असलेला संबंध दिसला. काही वासाचे रेणू नाकातल्या थरात पटकन विरघळतात, ते जोराच्या झोतात चांगले कळतात. काही हळू विरघळतात, त्यांना संथ हवा लागते. म्हणजे एकाच क्षणी आपल्या दोन नाकपुड्या एकाच फुलाची दोन थोडी वेगळी चित्रं वर पाठवत असतात.

याच्या शेजारचं एक सुंदर काम आपल्या देशातलं आहे, बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातलं, उपिंदर भल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, २००६ सालचं. उंदीर वास डावीकडून येतोय की उजवीकडून, हे एक-दोन हुंगण्यांत सांगतो. दोन्ही नाकपुड्या लागतात. आणि वास श्वासाच्या योग्य क्षणी पोहोचला तर दोन नाकपुड्यांमधला फक्त ५० मिलिसेकंदांचा फरकही पुरतो. योग्य क्षणी, हे शब्द लक्षात घ्या. पुन्हा तेच घड्याळ.

जर्सीकर_नलू

मी वाचलं होतं की नाकाने श्वास घेतला तर स्मरणशक्ती वाढते. शिकागोजवळ नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं संशोधन आहे, २०१६ चं. मुलाला परीक्षेच्या वेळी नाकाने श्वास घे असं सांगायला सुरुवात केलीय.

मूषकवाहन

नलूताई, ते संशोधन खरं आहे आणि खूप छान आहे. अपस्माराच्या काही मोजक्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी आधीच तारा बसवलेल्या होत्या. तिथे दिसलं की नाकाने श्वास आत घेताना वासाच्या प्रांतातच नाही, भीती आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांतही त्या श्वासाची लय उमटते. निरोगी लोकांना भ्यालेले चेहरे श्वास आत येताना थोडे लवकर ओळखता आले, आणि तोंडाने श्वास घेतला की हा फरक मावळला.

पण हा फरक अंशांचा आहे, सेकंदाच्या छोट्याशा भागाचा. परीक्षेत अभ्यासच उपयोगी पडेल. मुलाने नाकाने श्वास घेतला तर उत्तमच, फक्त श्वासाकडे लक्ष ठेवण्याचं ओझं त्याच्यावर देऊ नका.

जर्सीकर_नलू

समजलं. आजपासून त्याचं नाक त्याच्या स्वाधीन.

पुन्हा_वास

२०२१ मध्ये करोनानंतर माझा वास पाच महिने गेला होता. डॉक्टरांनी चार बाटल्या दिल्या: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीचा वास घ्यायचा. त्यांनी बजावून सांगितलं होतं, बाटली उघडून नुसतं बसू नका, हुंगा, छोटे छोटे श्वास, आणि हुंगताना लवंग कशी असते ते आठवा. तेव्हा मला ते औषधापेक्षा समजूत काढल्यासारखं वाटलं. एका सकाळी चहात आलं टाकताना एकदम आल्याचा वास आला आणि मी पातेलं सोडून रडत बसले. डॉक्टर "आठवा" का म्हणत होते ते हा धागा वाचून आज कळतंय.

मूषकवाहन

ताई, मनापासून आनंद झाला. त्या चार बाटल्यांची पद्धत ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुम्मेल यांनी २००९ मध्ये मांडली. आणि हुंगण्याचं म्हणाल तर १९९८ मध्ये नोम सोबेल यांच्या गटाने दाखवलं की माणसाने वास नसलेली स्वच्छ हवा हुंगली तरी मेंदूतला वासाचा प्रांत जागा होतो. नाकपुड्या आतून बधिर केल्या की ही जाग मंदावते. नुसती तयारी आधी. पडद्यावरची माझ्या उंदराची दाट रेघ आठवा.

याच दिशेने पुढे फार हृद्य काम झालं. मेंदूला इजा होऊन बेशुद्ध पडलेल्या रुग्णांच्या नाकाशी सुगंध किंवा दुर्गंध धरला आणि त्यांचा श्वास मोजला. शुद्धीतला माणूस दुर्गंध आला की नकळत श्वास आखडता घेतो, सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आतच. ज्या रुग्णांचा श्वास वासाप्रमाणे बदलला, त्यांची पुढे जगण्याची आणि शुद्धीकडे परतण्याची शक्यता जास्त दिसली. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. बोलता येत नाही, हात हलत नाही, पण श्वास सांगतो की आत कुणीतरी आहे.

दर्यावर्दी

बोटीवरून लिहितोय, नेट जाऊन येऊन आहे. तारकर्लीच्या समुद्रात डॉल्फिन बघितलेत सगळ्यांनी. ते सस्तन आहेत, फुप्फुसाने श्वास घेतात, मग पाण्याखाली वास कसा घेत असतील?

मूषकवाहन

घेतच नाहीत! दातवाल्या देवमाशांच्या कुळात, म्हणजे डॉल्फिनमध्येही, वासाचा कंदच उरलेला नाही. पाण्याखाली श्वास घेता येत नाही, मग वासाचं यंत्र ठेवून काय करायचं.

पण त्याला सुंदर अपवाद आहे. उत्तर अमेरिकेत ताऱ्यासारखं नाक असलेला एक चिचुंद्रीएवढा प्राणी असतो. केनेथ कॅटेनिया यांनी २००६ मध्ये दाखवलं की तो पाण्याखाली नाकातून हवेचा बुडबुडा काढून भक्ष्यावर टेकवतो आणि तोच बुडबुडा परत आत ओढतो. बुडबुड्यात वास चढलेला असतो. पाणचिचुंद्रीही हेच करते. वेगही जमिनीवरच्या उंदराच्या हुंगण्याइतकाच.

दर्यावर्दी

उधारीच्या हवेवर हुंगणं. बाकी बोटीला हे सांगून येतो.

रेवा_सांगली

हा धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं. मूळ प्रश्नाशी संबंध आहे म्हणून लिहिते.

माझ्या वडिलांना स्वरयंत्राचा कर्करोग झाला. आयुष्यभर तंबाखू. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढलं आणि मानेला पुढे भोक करून श्वासनलिका तिथे जोडली. तेव्हापासून ते मानेतून श्वास घेतात. आवाज जाणार हे आधी सांगितलं होतं, मनाची तयारी होती. वास जाईल हे कुणी बोललं नव्हतं. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी पाटीवर लिहिलं, "भाकरी करपली तरी कळलं नाही." माझे बाबा पावसाआधी हवा हुंगून सांगायचे, आज येणार. नाक शाबूत, मेंदू शाबूत, फक्त हवेची वाट बदलली, आणि सगळे वास बंद.

दीड वर्षाने एका वाचा-उपचार तज्ज्ञ बाईंनी त्यांना एक युक्ती शिकवली. ओठ मिटून ठेवायचे आणि आतल्या आत जांभई द्यायची, पाहुण्यांसमोर आलेली जांभई लपवतो तशी. जबडा आणि जीभ खाली जाते, तोंडात पोकळी होते आणि नाकातून हवा आत ओढली जाते. फुप्फुसाचा काही संबंध नाही. बाईंनी सांगितलं, हॉलंडमध्ये ही पद्धत बसवली, सगळ्यांना जमतेच असं नाही. बाबा तीन आठवडे आरशासमोर बसले. एका संध्याकाळी आई लसणीची फोडणी देत होती. बाबा खोलीतून चालत स्वयंपाकघराच्या दारात आले आणि नाकाकडे बोट दाखवून उभे राहिले.

अण्णा, तुम्ही म्हणालात हवेच्या वहनाचा प्रश्न. आमच्या घरात तरी तुमचं बरोबर ठरलं.

अभियंता_अण्णा

रेवा, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. मी बरोबर ठरलो असं मला वाटत नाही. हवा हलली पाहिजे हे खरं, पण ती त्यांनी हलवली, ठरवून. पंख्याची उपमा मी मागे घेतो.

मूषकवाहन

रेवा, फार मोठी गोष्ट सांगितलीस. आणि शास्त्राच्या बाजूने तिला जुळणारा एक दुवा आहे. उंदरांमध्ये श्वास गळ्यातल्या नळीतून वळवला की मेंदूतली ती श्वासाची लय मावळते, फुप्फुसं चालू असली तरी. आणि नळीतून श्वास चालू ठेवून नाकात बाहेरून तालात हवेचे झोत सोडले की लय परत येते. आठवणी सांभाळणाऱ्या भागातसुद्धा. म्हणजे मेंदू छातीची हालचाल मोजत नाही, नाकातून जाणारी हवा मोजतो. मी वर "श्वास हे घड्याळ" असं लिहिलं होतं, त्यात दुरुस्ती करते. घड्याळ नाकात आहे.

जाईजुई

शनिवार झाला. मूषकवाहनताई, तुमचं सगळं मी चिमीला माझ्या भाषेत सांगितलं. हेजहॉग, दहा मिलिसेकंद, बुडबुडा. ती ऐकत होती, पण रेवाताईंच्या बाबांपाशी थांबली. "मग आपल्यालाही येईल की तसं, श्वास धरून."

हिंगाची डबी काढली. तिने लांब श्वास घेतला, धरून ठेवला. वास गेला अशी मान हलवली. मग श्वास न सोडता, ओठ घट्ट मिटून, हळूच आतल्या आत जांभई दिली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही, उलट खरीच जांभई आली. सहाव्या की सातव्या वेळी तिचे डोळे एकदम मोठे झाले, छातीवर हात ठेवून तिने मला दाखवलं की श्वास अजून धरलेलाच आहे, आणि दुसऱ्या हाताने डबीकडे बोट केलं.

मलाही जमलं, पण तिच्याइतकं स्पष्ट नाही. रेवाताई, तुमच्या बाबांना विचारायला सांगितलंय तिने, जीभ नेमकी किती खाली न्यायची.

रेवा_सांगली

विचारलं. पाटीवर लिहून दिलंय त्यांनी: "गरम बटाटा तोंडात धरल्यासारखी."